फॉर्म नंबर ३९७

रवि. १ फेब्रु.
पुस्तिका काढायला बसलो. वधू-वर मेळावा पंधरा तारखेला विहारात, प्रेसला फाइल शुक्रवारी पाचच्या आत. एकूण ४१२ फॉर्म. ‘पुस्तिका तयार करा’ दाबलं. हिरवी पट्टी जवळजवळ शेवटापर्यंत गेली आणि प्रोग्रॅम गायब. मेसेज नाही, काही नाही. सहा वेळा केलं, सहा वेळा गायब. दहा वर्षांत असं कधी झालं नाही.
प्रज्ञाला फोन. प्रोग्रॅम तिनेच कॉलेजात असताना लिहून दिलेला. “पप्पा, कॉम्प्युटर बंद करून चालू केलात?” म्हटलं, बाई, एवढं मलाही कळतं. खराडीच्या ऑफिसात म्हणे रविवारीही काम, त्यात पुढच्या महिन्यात नवरा-बायको दोघं बंगलोरला. सामान बांधायचंय. “शनिवारी येऊन बघते.” म्हणजे वरातीमागून घोडं.

सोम. २ फेब्रु.
अँटीव्हायरस बंद करून पाहिला. प्रिंटर काढला, लावला. कमी फोटोंची शंका आली, जास्त फोटोंचीही आली. गायब.
विहाराच्या सेक्रेटरींचा फोन. “जय भीम साहेब. यंदा एक्सेलमध्येच उरकू या का?” गेल्या साली एका मंडळाने उरकलं होतं. इंजिनिअर मुलाच्या फोटोखाली ‘उंची ५ फूट, गृहकृत्यदक्ष’ छापून आलं. नको म्हणालो.
डोकं दुखतंय. दुपारी जेवलो नाही.

मंगळ. ३ फेब्रु.
सकाळी आंघोळ करताना सुचलं. तीस वर्षं कारखान्यात तपासणी खात्यात घालवली आणि दोन दिवस यंत्राला शिव्या देत बसलो. लॉटमध्ये खराब नग असेल तर लॉट अर्धा करायचा. चांगला अर्धा बाजूला, वाईट अर्धा परत अर्धा.
१ ते २०६ ची पुस्तिका निघाली. म्हणजे भानगड पुढच्या अर्ध्यात. तो अर्धा केला, परत अर्धा. कागदावर आकडे खोडत गेलो. बऱ्याच दिवसांनी बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू. ३८८ ते ४००. मग ३९५ ते ३९७. मग एकटा ३९७. दाबलं. गायब. सापडला चोर!
फॉर्म उघडला.
फोटो माझा.

तासाभराने लिहितोय. पाणी प्यायलो, दोनदा.
नाव माझं. वय ६१. विधुर. पेन्शनर, बोपोडीत स्वतःचा फ्लॅट. ‘स्वभाव: वरून कडक.’ ‘अपेक्षा: पप्पांना विचारून लिहिते.’ मोबाइलवर आलेले शेवटचे चाळीस फॉर्म प्रज्ञाने प्रोग्रॅममध्ये चढवून दिले होते. तिचंच काम.
फोटो पुतण्याच्या लग्नातला. डाव्या कडेला पांढऱ्या साडीचा काठ दिसतोय. सुशीलाचा. पोरीने स्वतःच्या आईला फोटोतून कापलंय. खुर्चीत बसून राहिलो नुसता.
फोन लावला. मी ओरडलो. ती म्हणाली, “आई जाऊन चार वर्षं झाली पप्पा. तुम्ही एकदाच भात लावता आणि दोन दिवस खाता. मी बंगलोरला बसून काय करू, घरात कॅमेरा लावू?”
“मला न विचारता?”
“विचारलं असतं तर?”
मग तीच म्हणाली,
“छापायच्या आधी तुम्ही प्रत्येकाला फोन करून संमती घेता ना? तुमचाच नियम आहे. मग ३९७ लाही करा फोन.” आणि ठेवला तिने. बापाचा फोन!

बुध. ४ फेब्रु.
झोप धड नाही. सकाळी पहिलं काम, छापायच्या यादीतून ३९७ ची टिक काढली. विषय संपला. पुस्तिका तयार करा.
गायब.
हसूच आलं. खात्यात नवीन माणसाला मीच सांगायचो, एक खराब नग सापडला की थांबू नका, दुसरा असतोच. उरलेल्या लॉटची परत निम्मानिम्मी. ४०५.
निर्मला, वय ५७, येरवडा, रिटायर्ड सिस्टर. अविवाहित, भावंडांची शिक्षणं केली. ‘अपेक्षा: बोललेलं ऐकू यावं. श्रवणयंत्र चालेल.’
दोन्ही फॉर्म शेजारी उघडून ठेवले. शिक्षण वेगळं, पत्ता वेगळा, फोटो लहान-मोठा. सारखं काय? वय. दोन्ही पन्नाशीपुढचे.
आणि मग आठवलं. प्रोग्रॅम लिहिताना प्रज्ञाने विचारलं होतं, वयोगटाचे खण किती ठेवू. मी म्हणालो होतो, पन्नासला थांब, त्यापुढं कोण लग्न करतंय. तिने खणच केला नाही. आता नाव ठेवायला जागा मिळत नाही म्हणून प्रोग्रॅम पडतो. खराब नग कुठलाच नव्हता. मापच मी दिलेलं.
आजवर पन्नाशीपुढचा फॉर्म कसा आला नाही? आले असते. आधी फॉर्म टेबलावर घेत होतो, तीन-चार जणांना तोंडीच परत पाठवलंय मी. ‘आता या वयात?’ म्हणून. हसत म्हणायचो. यंदा मोबाइलवरून फॉर्म घेतले, म्हणून ४०५ माझ्या हाताखालून सुटला.
प्रज्ञाला एवढाच मेसेज टाकला: ५१ च्या पुढचा खण टाकून दे. कारण लिहिलं नाही. तिने अंगठा पाठवला.

गुरु. ५ फेब्रु.
दुपारी नवा प्रोग्रॅम आला. दोन्ही टिका ठेवून चालवून पाहिला, फक्त चाचणी म्हणून. पट्टी शेवटापर्यंत गेली. निघाली पुस्तिका! आनंद व्हायला हवा होता.
शेवटचं पान उघडलं. मथळा ‘वयोगट ५१ व पुढे’. वर डावीकडे, वधू उजवीकडे. दोनच फोटो, समोरासमोर. हे छापलं तर सगळी खडकी-बोपोडी बघणार. विहारात तोंड कसं दाखवू. सुशीलाची बहीणही येते मेळाव्याला.
संमतीचे राहिलेले फोन सुरू केले. अडतीस झाले. ४०५ नाही केला. उद्या.

शुक्र. ६ फेब्रु.
प्रेसवाल्याचे सकाळपासून दोन फोन, पाचच्या आत फाइल हवी. चारला ४०५ ला लावला.
“जय भीम. वधू-वर सूचीतून बोलतोय. आपला फॉर्म आपल्या संमतीने...”
“मीच भरलाय. कुणी भरून दिलेला नाही.” मग म्हणाल्या, “आवाज ओळखला मी. दोन वर्षांपूर्वी टेबलावर तुम्हीच होतात. ‘ताई, आता या वयात?’ म्हणालात. बाजूचे दोघं हसले होते.”
चेहरा आठवत नाही मला त्यांचा. किती आठवला तरी नाही. मी म्हणालो, चूक झाली माझी. खरंच चुकलं. पुढे म्हणालो, नाव काढायचं असेल तर...
“काढायचं असतं तर परत भरलं असतं का? छापा. फक्त एक सांगा, माझ्या वयाची मी एकटीच आहे का यादीत? तसं असेल तर लोक बोटं दाखवतील. मला सवय आहे, तरी विचारते.”
“नाही. एक गृहस्थ आहेत.”
“कोण?”
नाही सांगितलं तरी चाललं असतं. ३९७ ची टिक काढायला एक सेकंद लागतो.
“मी,” म्हणालो.
अगदी ऑफिसच्या आवाजात त्यांनी विचारलं, “त्यांची संमती घेतलीत?”
“अजून नाही.”
“घ्या मग,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.
चार वीस झालेत.