पिवळा पट्टा

ता. ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. बाबा बरे आहेत, म्हणजे मागच्या पत्रात होते तसेच. उजवा हात उचलत नाही, पण माझ्याखेरीज कुणाच्या हातचं काही घ्यायचं नाही हा हट्ट शाबूत आहे. शेजारच्या काकू भरवायला आल्या की तोंड मिटून भिंतीकडे वळतात.

माझं काम तेच. उजाडताना दोन किलोमीटर किनारा चालायचा आणि वाहून आलेलं मोजायचं. बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, मेलेले पक्षी, चपला. चपला कायम एकेकट्याच येतात, जोडी कधी नाही. मेलेल्या कासवाच्या पाठीवर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढायचा, म्हणजे ते दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं जात नाही.

मंगळवारी जाळ्यात गुरफटलेलं एक मोठं कासव दिसलं. ढोसलं, हललं नाही. मला बाबांच्या चहाची घाई. पट्टा ओढला, 'मृत' लिहिलं आणि निघाले.

बुधवारी त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. अख्खा दिवस ते उन्हात जिवंत पडून होतं, आणि येणारेजाणारे माझा पट्टा बघून पुढे गेले असणार. मला रडू आवरेना. जाळं कापलं, ओली पोती टाकून भरती चढेपर्यंत शेजारी बसून राहिले. गेलं शेवटी, पट्ट्यासकट. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "मेलेलं परत गेलं, याला रकाना कुठाय आपल्याकडे?"

घरी पोचायला अकरा वाजले. बाबांचा चहा काकूंनी पाजला होता. निमूट प्यायले म्हणे.

ताई, नोकरीतलं वरचं प्रशिक्षण रद्द झालं असं मी तुला दोनदा कळवलं, ते खोटं होतं. दोन्ही वेळा माझी निवड झाली होती. मीच नाही म्हटलं, आणि साहेबांपुढे ते बाबांच्या हट्टावर ढकललं. आता तिसऱ्यांदा बोलावलंय. आठ महिने, दुसऱ्या शहरात. होकार कळवायला वीस तारीख शेवटची. अर्ज भरून उशीखाली ठेवलाय, टपालात टाकायला हात होत नाही.

तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी असतं, 'तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.' सात वर्षं वाचतेय. यापुढे ते लिहू नकोस. राग आलाय मला तुझा, आणि तो आजचा नाही.

बाबांजवळ राहायला येतेस की नाही, तेवढंच वीसच्या आत कळव.

तुझी,
अजून जिवंत असलेली,
धाकटी