फ्रेममागचे दोन गोरे

तारकर्ली, ३ ऑगस्ट २००४

फ्रेम उघडली! बाबलीकाकांची — सासूबाईंच्या पहिल्या नवऱ्याची. दुसऱ्या महायुद्धात गेलेले म्हणून पंधरा तारखेला गावच्या स्मारकावर त्यांचं नाव लागणार. सुदेशला छापायला फोटो हवा होता. तर निम्मा फोटो मागे दुमडलेला! घडीत दोन गोरे शिपाई आणि एक तोफ.

"इंग्रज असतले. आणि कोण?" सुदेश म्हणाला. आमच्या नवरोबांना सगळंच ठाऊक! भिंग लावलं. एकाच्या खांद्यावरच्या पट्टीवर 'चेकोस्लोव्हाकिया', टोपीवर सिंह.

सासूबाईंनी फोटो पाहिला आणि उठून परसात गेल्या.

५ ऑगस्ट

शाळेतल्या कॉम्प्युटरवर शोधून एका चेक गृहस्थांना फोटो पाठवला. जुन्या गणवेशांचा त्यांना नाद आहे म्हणे. माझ्या तपासायच्या वह्या तशाच पडल्यात.

९ ऑगस्ट

उत्तर आलं. देश जर्मनांनी गिळल्यावर आपखुशीने लढायला आलेले चेक. अंगावर इंग्रजांचा गणवेश, पट्टी तेवढी स्वतःची. पण ती विमानं पाडायची तोफ — बेचाळीसचा मे उजाडेपर्यंत त्या पलटणीकडे नव्हतीच!

आणि बाबलीकाका गेल्याची तार बेचाळीसच्या शिमग्यातली. त्या तारेवर सासूबाईंचं कुंकू पुसलं. पुढे धाकट्या दिराशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, पाट लावून दिला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात वावगं काही नाही. पण नवरा जिवंत असताना?



१० ऑगस्ट

सुदेशला सांगितलं. चिडला. "तारेत चूक झाली असतली. दगडार नाव कोरून झाला. आता तू गप रव!"

गप्प कशी राहू? मेलेला माणूस तोफेपाशी हसत उभा आहे! आणि हा फोटो घरात आणला कुणी? भीती वाटते. कशाची, ते कळत नाही.

१२ ऑगस्ट

सासूबाई फोटो पालथा घालतात. मी उताणा करते. त्या पुन्हा पालथा.

१४ ऑगस्ट

विचारलंच. सासूबाई सुक्या बांगड्यांची डोकी मोडत होत्या. मान वर केली नाही.

"तोच घेवन इलो गो. लढाई सरल्यार. तवसर पाट लागलेलो, पोटात पोर. तुझ्या सासऱ्यान तेका होडयेत बसवन न्हेल्यान. येताना एकटोच इलो."

तेवढ्यात सुदेश हार घेऊन आला. सासूबाईंकडे बघत म्हणाला, "फाल्यां पंधरा तारखेक स्मारकाचो पडदो आवशीकच ओढूक सांगूया."