डब्याला हात

सोनिवली, बदलापूर
१० नोव्हेंबर २०२५

चि. जिज्ञासा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आत्याचं पत्र बघून हसशील, हसून घे. फोन केला की दुसऱ्या मिनिटाला तू माझं बोलणं तोडतेस आणि राहू दे आत्या, तयार कॉम्प्युटर पाठवते, असं म्हणून मोकळी होतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप. पुण्यात अख्ख्या कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळतेस, त्यात आत्याचा एक जड नाही होणार.

उल्हासनगरला श्रीपादशेठच्या कारखान्यात पंधरा वर्षं मी पंचिंग केलं, हे तुला ठाऊक आहे. कागदावरची वेलबुट्टी कॉम्प्युटरवर टाका-टाका करून मांडायची, मग भरतकामाचं मशीन ती कापडावर उतरवतं. तिथे नियम एकच. माऊस धरायचा, कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावायचा नाही. बंद पडला तर मेकॅनिक येईपर्यंत शाळेतल्या पोरांसारखं हाताची घडी घालून बसायचं. गेल्या महिन्यात मागची वायर सैल झालेली मला दिसली. मी ती दाबली आणि कॉम्प्युटर चालू झाला. शाबासकी राहिली बाजूला, शेठनी सगळ्या मुलींसमोर माझ्यावर तोंड सोडलं. हात लावायला कुणी सांगितलं, म्हणे! मी माऊस खाली ठेवला, यापुढे माझ्याच डब्याला हात लावीन म्हटलं आणि निघाले. महिनाभरात परत येशील, असं ते माझ्या पाठीमागून म्हणाले.

आता अंबरनाथच्या कमलेशभाईंनी लग्नाच्या घागऱ्यांची डिझाइन्स मागितली आहेत. पाच डिसेंबरला हातात हवीत. पसंत पडली तर कायमचं काम, नाही तर शेठचा जिना पुन्हा चढायचा. मान खाली घालून मी तो चढणार नाही, हे तुला लिहून देते.

कॉम्प्युटर मी स्वतः जोडणार. तयार आणला तर उद्या बंद पडल्यावर पुन्हा हाताची घडीच. सुटे भाग हरेशकडून घेतेय, उल्हासनगरचाच दुकानदार आहे. तो म्हणतो, दीदी, मैं फिट करके देता हूँ, आप क्यूँ टेन्शन लेती हो. मी नको म्हटलं. आता सांग. कुठला भाग कुठल्याला चालतो, हे कसं ओळखायचं? मेमरीची पट्टी किती जोरात दाबायची? आणि अंगातल्या विजेने भाग जळतात हे खरं, की हरेश मला घाबरवतोय?

तुझे काका याला टाइमबॉम्ब म्हणतात. त्यांना म्हणू दे. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
विनिता आत्या


पुणे
१५ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. हल्ली असं हाताने लिहिलेलं पाकीट कुणाला येतं! सगळे मला नोटीस आली की काय म्हणून बघत होते.

तोडते म्हणालीस ते लागलं, कारण खरं आहे. खरं सांगू? मला भीती वाटते. एखादा भाग जळला तर पाच तारीख हुकेल आणि शेठचं म्हणणं खरं होईल. पण तू ऐकणाऱ्यातली नाहीस. बाबा म्हणतात, लहानपणी तू शाळेच्या घड्याळाचं झाकण उघडून छड्या खाल्ल्या होत्यास.

तेव्हा ऐक. प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकमेकांना चालणारे हवेत, मेमरीसुद्धा त्या बोर्डाच्याच जातीची. घेण्याआधी हरेशकडून तिन्ही नावं लिहून घे आणि बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर ताडून बघ. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तसाच बोर्डावरही. त्रिकोणावर त्रिकोण आला की तो आपोआप बसतो, तिथे अजिबात जोर लावायचा नाही. मेमरीला मात्र लावायचा. घट्ट डब्याचं झाकण लावतो तशी दाब, कट्ट आवाज येईल, घाबरू नकोस. विजेचं खरं आहे, पण हरेशने सांगितलं तेवढं नाही. काम लाकडी टेबलावर कर आणि अधूनमधून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावत जा. प्रोसेसरवर लावायची पेस्ट वाटाण्याएवढीच, तिच्यावर पंखा घट्ट बसव. आणि सुरू झाला नाही तर रडण्याआधी मागचं बटण बघ. सगळ्यांचं पहिल्यांदा तेच राहतं.

काकांना सांग, टाइमबॉम्बला एवढे स्क्रू नसतात. लोभ आहेच, त्यात काळजीही धरावी.

तुझी,
जिज्ञासा


सोनिवली
२४ नोव्हेंबर २०२५

चि. जिज्ञासा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जोडला! मी जोडला, ह्या माझ्या हातांनी! मेमरी कट्ट झाली तेव्हा माझाही जीव कट्ट झाला, पण बसली. पहिल्यांदा सुरूच झाला नाही. रडण्याआधी मागचं बटण बघितलं, तेच राहिलं होतं. मग पडदा उजळला आणि तुझे काका चहाचा कप घेऊन उभेच्या उभे राहिले.

दिसायला इतका देखणा झालाय! काचेवरचं, धातूवरचं, कुठलंही प्लास्टिक मी फाडलेलं नाही, सोफ्यावरचं नाही फाडलं तसंच. अमितचं लग्न होईपर्यंत घरातलं सगळं नवंकोरं राहायला हवं. सून आल्यावर तिला दिसलं पाहिजे.

पण एक गोम आहे. साधं टायपिंग नीट चालतं. डिझाइन उघडलं, टाके भरायला घेतले, की थोड्या वेळात पंखा बोंबलायला लागतो आणि सगळं फटकन बंद. पुन्हा लावला की पुन्हा तेच. सगळ्या वायरी काढून घातल्या. पेस्ट वाटाण्याएवढीच होती, देवाशपथ. हरेश म्हणतो, ले आओ दीदी, देख लेता हूँ. काका म्हणतात, मेकॅनिक बोलव. बाहेरचा हात लागणार असेल तर शेठचा कारखाना काय वाईट होता? त्यात काल शेठचा निरोप आला, खुर्ची अजून रिकामी ठेवली आहे म्हणून. इतका राग आला की मी भांडी आपटली. मग मोरीत जाऊन रडलेही. तू परकी नाहीस म्हणून सांगते.

फोन करू नकोस, उचलणार नाही. फोनवर तुला दया येईल आणि तू कुणाला तरी पाठवशील. काय चुकलं तेवढं लिही. दुरुस्त मी करीन.

तुझी,
आत्या


पुणे
२७ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोनदा फोन केला, तू खरंच उचलला नाहीस. धन्य आहे तुझी! म्हणून हे स्पीड पोस्ट.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मशीन तापून स्वतःला वाचवायला बंद होतंय, एवढं पहिल्याच वाचनात कळलं. ते का तापतंय, ते कळेना. मग तुझ्या सोफ्यापाशी येऊन मी कपाळावर हात मारला. आत्या, धातूवरचंही प्लास्टिक ठेवलंयस ना? पंख्याच्या बुडाशी जो गुळगुळीत धातू आहे, त्यावर प्लास्टिकचा एक पातळ कागद असतो. तो काढायचाच असतो. प्रोसेसरची उष्णता त्या धातूतून वर जाते आणि तू मध्ये प्लास्टिक घालून तिची वाट अडवलीस. तापला नाही तर काय करेल बिचारा!

बंद कर, वायर काढ, थंड होऊ दे. पंखा सोडव, प्लास्टिक ओढून काढ, जुनी पेस्ट मऊ कापडाने पूस, नवी लाव. मी कुणालाही पाठवत नाही. फोनवर तू सोफ्याचं बोलली नसतीस आणि बोलली असतीस तरी मी तोडलं असतं. पत्र लिहिलंस ते बरं केलंस.

पाच तारखेकडे डोळे लावून बसलेय. मायेने रागवावे, पण फोन उचलावा.

तुझी,
जिज्ञासा


सोनिवली
८ डिसेंबर २०२५

चि. जिज्ञासा हिस,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पंखा सोडवला तर खाली ते प्लास्टिक, पेस्टने माखलेलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं की लावण्यापूर्वी काढावे. आणि मी ते वाचलं होतं गं! वाचून मनात म्हटलं होतं, काढू सावकाश, एवढी काय घाई आहे. मग ते ओढून काढलं, पुसलं, नवी पेस्ट लावली. डिझाइन उघडलं, वेलीवरच्या सगळ्या कळ्या टाक्यांनी भरून झाल्या, तरी पंखा शांत. काका मला मेकॅनिकबाई म्हणायला लागलेत.

पाच तारखेला डिझाइन्स दिली. कमलेशभाईंनी घागऱ्याचा एक घेर भरून बघितला आणि पुढचं काम तिथेच हातात ठेवलं.

काल शेठ स्वतः घरी आले, पेढे घेऊन. त्यांना सोफ्यावर बसवलं. सोफा चुरचुरला नाही, कारण त्याचं प्लास्टिक मी तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी फाडलं. इतकी वर्षं आपण सून येईल, पाहुणे येतील म्हणून सगळं झाकत बसलो आणि स्वतः चिकट प्लास्टिकवर घाम गाळला. सून येईल तेव्हा येईल. मी आहे ना आत्ता घरात?

शेठ म्हणाले, ये परत, आता कुणी काही बोलणार नाही. मी नाही म्हटलं. त्यावर ते कॉम्प्युटरकडे बघत राहिले, हे सगळं खरंच तू जोडलंस का म्हणाले. त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. पंधरा वर्षांचं त्यांचंच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मी ते गिळलं. म्हटलं, लावा शेठ, डब्याला हात लावा, आमच्याकडे चालतं. त्यांनी तळवा टेकवला, गार आहे म्हणाले. मग चहा पिऊन गेले.

फोन आता उचलते, पण पत्र सोडू नकोस. लोभ आहेच, तो असाच असू दे, वरचं प्लास्टिक काढलेला.

तुझी,
विनिता आत्या