मामा, मी नेमकं काय करतो ते

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि मामी तुम्हाला चढू देत असतील, असं धरून चालतो. मी मजेत आहे.

‘तू नेमकं काय करतोस ते एकदा कागदावर लिहून पाठव, लोक विचारतात,’ असं तुम्ही कळवलंत. मामा, मी व्यवसाय सल्लागार आहे. आधी विमा विकत होतो (एकच पॉलिसी खपली, ती माझी मीच घेतली). मग फरशांच्या कंपनीत लागलो. ती आठ महिन्यांत बंद पडली. त्यात माझा हात नव्हता, असलाच तर बोटभर. त्यानंतर एका सल्लागार कंपनीने मला टाय दिला आणि धंदा कसा चालवावा हे इतरांना सांगायला पाठवलं. दोन वर्षांनी वाटलं, परक्याच्या नावाने शहाणपण का विका? स्वतंत्र झालो.

पहिलंच काम मिळालं नळाच्या तोट्यांच्या कारखान्यात. तिथे स्टोअर सांभाळायला अण्णा म्हणून एक गृहस्थ आहेत. एकतीस वर्षं त्याच स्टुलावर. मी घड्याळ लावून बसलो: दिवसाकाठी पाच तास दहा मिनिटं अण्णा नुसते बसून! मग मी बहात्तर पानी अहवाल लिहिला, रंगीत वर्तुळांसकट, आणि ‘ही जागा अनावश्यक’ असा शेरा मारला. मालकांना वर्तुळं फार आवडली. अण्णांना घरी बसवलं.

तिसऱ्या दिवशी पितळी वायसर हवे होते. कॉम्प्युटर म्हणाला, चार हजार आहेत. आहेत हो, पण कुठे? अकराशे खण आणि एकावरही चिठ्ठी नाही. एका हॉस्पिटलची मोठी ऑर्डर अडली, मशीन थांबली, चाळीस माणसं हाताची घडी घालून माझ्याकडे पाहू लागली. मालक शांतपणे म्हणाले, “सल्लागार, द्या आता सल्ला.”

धावतपळत अण्णांचं घर गाठलं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, “बहात्तर पानं ती तुमचीच का?” अण्णा आत कुंड्यांना पाणी घालत होते. मला वाटलं, झारी डोक्यात घालतील. पण त्यांनी झारी खाली ठेवली, चपला घातल्या. “डावीकडचं तिसरं कपाट, खालून दुसरा खण, खिळ्यांच्या डब्यामागे. चला, तुम्हाला नाही सापडायचं.” वाटेत एवढंच म्हणाले, “मी बसलेला वेळ मोजलात. उठलेला का नाही मोजलात?”

मामा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन सुरू झाली तशी मी सगळ्यांसमोर मालकांना सांगितलं, चूक माझी, अण्णांना परत घ्या. मालकांनी घेतलं. मला मात्र म्हणाले, अण्णा दोन वर्षांनी निवृत्त होतील, तोवर त्यांच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा. लोकांना सांगताना तुम्ही ‘दीर्घ मुदतीचा प्रकल्प’ म्हणा.

मामींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुमचा,
भाचा

ता. क. : खरं सांगतो, मी अण्णांचा मदतनीस आहे. खोकी उचलतो, चिठ्ठ्या चिकटवतो. आणि मामा, इतकी मजा मला टाय लावून कधी आली नव्हती. पण आई बिल्डिंगभर सांगते की मोठमोठे मालक माझ्या सल्ल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत, आणि येत्या रविवारी ती माझी केबिन बघायला निघाली आहे. तुमची बहीण आहे, काहीही करून थांबवा.

ता. क. २ : थांबवू नका. अण्णांनी पाठीमागे उभं राहून सगळं पत्र वाचलं. म्हणतात, येऊ द्या बाईंना, त्या दिवशी मी तुम्हाला साहेब म्हणेन. मी विचारलं, एकच दिवस? तर म्हणाले, “अर्धा. त्याहून जास्त झालं तर तुम्हाला खरंच वाटायला लागेल.”