झिरो एरर

१२ एप्रिल
ऑर्डर आली. लोकसभा निवडणूक, पद: मतदान केंद्राध्यक्ष. शिपायाने स्टाफरूममध्ये पाकिटं वाटली आणि निम्मा स्टाफ जागच्या जागी आजारी पडला. गणिताच्या सरांनी कंबर धरली. इतिहासाच्या मॅडमना सासूच्या तब्येतीची आठवण झाली, एरवी तिचं नाव काढत नाहीत. उद्या बारामतीतल्या झाडून सगळ्या डॉक्टरांकडे सर्टिफिकेटसाठी रांगा. मी एकटा ताठ बसलो. सव्वीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. त्या मशीनमध्ये असतं काय? बॅटरी, स्विच, बझर. नववीतला पोरगा जोडेल.

संकल्प: एकही चूक न करता केंद्र चालवायचं. प्रशस्तिपत्र मिळवायचं. उपमुख्याध्यापकपदाच्या मुलाखतीत ते हळूच टेबलावर ठेवायचं.

पद्माला सांगितलं. ती म्हणाली, दिवाळीत मिक्सर दुरुस्तीला उघडला होता तो अजून तीन डब्यांत आहे. बायकोला फिजिक्स कळत नाही.

२१ एप्रिल
पहिलं ट्रेनिंग. स्टेजवर ट्रेनर कोण? निहार! माझाच विद्यार्थी. दहावीला विज्ञानात एक्केचाळीस. आता म्हणे क्षेत्रीय अधिकारी. दहा केंद्रं याच्या देखरेखीखाली, त्यात माझं. देश असाच चालतो.

दोन तास एकच धोशा: सीआरसी, सीआरसी. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. म्हणजे सकाळी उमेदवारांच्या एजंटांसमोर पन्नास मतं नुसती चाचणी म्हणून टाकायची, क्लोज दाबून बंद करायची, रिझल्ट बघायचा आणि क्लिअर दाबून पुसून टाकायची. मग खरं मतदान. एवढ्याशा गोष्टीसाठी अडीचशे पदवीधर पाढे म्हटल्यासारखे ओरडत होते. मी ओरडलो नाही. चिंतन करताना मी डोळे मिटतो. शेजारचा म्हणाला, सर, घोरू नका. आगाऊ माणूस.

जाड पुस्तिका दिली आहे. रविवारी एका बैठकीत संपवणार.

२८ एप्रिल, रविवार
पुस्तिकेचं मुखपृष्ठ वाचलं. पणदऱ्याला लग्न होतं. उद्यापासून रोज वीस पानं.

३ मे
रोज चाळीस पानं केली तरी पुरेल. दुसऱ्या ट्रेनिंगला मशीन प्रत्यक्ष हाताळायला देत होते. लहान मुलांची खेळण्यांवर पडावी तशी झुंबड. मी लांबून पाहिलं. लांबूनही कळलं.

५ मे
पुस्तिका सापडली. गच्चीवर. पापडाच्या प्लास्टिकच्या एका कोपऱ्यावर वजन म्हणून ठेवलेली. पद्माला बोललो तर म्हणाली, तुमच्या उपयोगाची नव्हती म्हणून माझ्या उपयोगाला घेतली. राहू दे. ज्ञान पुस्तकात नसतं.

६ मे, सायंकाळी
इंदापूरहून साहित्य घेऊन एसटीने केंद्रावर पोचलो. केळीच्या बागांमधली दोन खोल्यांची शाळा. माझी टीम: पहिल्या मतदान अधिकारी फरहत मॅडम, प्राथमिक शिक्षिका. ही त्यांची सातवी निवडणूक, हे त्यांनी बसमध्ये दोनदा सांगितलं. दुसरे एक तलाठी, शाईवाले. तिसरा दादासो, पाटबंधारे खात्यातला शिपाई. त्याच्याकडे कंट्रोल युनिट, म्हणजे बटण दाबून मतदाराला मत खुलं करून देणं. बटण दाबायला शिपाई पुरतो, यावरूनच मशीनची लायकी कळते.

समोरच चाँदभाईंचं किराणा दुकान. तेच उद्या एका उमेदवाराचे एजंट. पिठलं, भाकरी, ठेचा पाठवला. गावची रीत हाय म्हणाले. मग हळूच विचारलं, सर, ही मशीन फिरवता येती म्हणं?

अर्धा तास समजावलं. मशीनला इंटरनेट नाही, सिम नाही, काही नाही. मत दिलं की शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी दिसते, सात सेकंद, मग ती कापली जाऊन पेटीत पडते. चिठ्ठ्या आणि आकडे कधीही ताडून बघा. मशीनवर शंका घेणारे सगळे अडाणी, किंवा हरलेले. चाँदभाई म्हणाले, तुमच्यासारखा शिकलेला माणूस सांगतोय म्हंजे संपलं. असा श्रोता स्टाफरूममध्ये एक नाही.

७ मे, सकाळी ६.५५
धावपळ. साडेपाचला चाचणी मतदान सुरू करायचं होतं. चाँदभाईंशिवाय दुसरा एजंट सव्वासहाला उगवला, दात घासत. पन्नास मतं टाकता टाकता अर्धा तास. फरहत मॅडमनी चिठ्ठ्या मोजल्या, मी कागदावरच्या मतांशी ताडल्या. तंतोतंत. बाहेर रांग लागली होती. मॅडम चिठ्ठ्या काळ्या पाकिटात भरून सील करत होत्या, तिथूनच मान वर न करता विचारलं, सर, क्लिअर? मी म्हटलं, एकदम क्लिअर. पन्नासची बेरीज फिजिक्सच्या शिक्षकाला क्लिअर नसणार तर कुणाला?

मशीन शून्यावर असल्याच्या कागदावर एजंटांच्या सह्या घेतल्या. चाँदभाईंनी न वाचता केली. बरोबर सातला मतदान सुरू होणार. बाकी केंद्रांची अजून सीलं शोधणं चालू असेल.

सकाळी ९.१०
दर दोन तासांनी आकडा कळवायचा. रजिस्टरमध्ये त्र्याण्णव सह्या. दादासो म्हणाला, सायेब, मशीन एकशे त्रेचाळीस दावतीय, पन्नास जादा. मी म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, लई येळा बघितलं. फरहत मॅडम नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांची ती सवय मला आवडत नाही.

सकाळी ९.४०
उकललं! झिरो एरर. तारेची जाडी मोजायच्या स्क्रू गेजचं तोंड बंद केलं तरी माप कधी शून्यावर नसतं. म्हणून काय स्क्रू गेज फेकतात? शून्याची चूक मोजायची आणि प्रत्येक मापातून वजा करायची. या यंत्राचा झिरो एरर प्लस पन्नास. दादासोला सांगितलं. तो म्हणाला, तुमी म्हणताय तर आसंल.

फरहत मॅडम बाजूला घेऊन म्हणाल्या, सर, पुसायचं राहिलंय. आत्ता निहार सरांना फोन केला तर मार्ग निघेल, उशीर झाला तर नाही. निहार सर! ज्याला स्क्रू गेज उलटा धरू नको म्हणून मी पट्टी मारली, त्याला मी फोन करून विचारायचं? मॅडमना स्पष्ट सांगितलं, केंद्राध्यक्ष मी आहे. त्या जागेवर जाऊन बसल्या. बायकांना घाबरायची घाई.

दुपारी १.३०
निहार जीपमधून डोकावला. सर, सगळं ठीक? म्हटलं, उत्तम. मॅडमनी तोंड उघडलं तेवढ्यात मी त्यांना मतदारयादीची दुसरी प्रत शोधायला आतल्या खोलीत पाठवलं. जीप गेली.

द्वारकाबाई नावाच्या म्हातारीने आत दहा मिनिटं लावली. बाहेर येऊन म्हणाली, काचंतली चिठ्ठी पुन्यांदा दावा, नीट वाचली न्हाय. नाही म्हटलं, एकदाच दिसते. ती म्हणाली, आसू दे, चित्र वळीकलं. जाताना मशीनला नमस्कार केला.

सायंकाळी ६.२०
मतदान संपलं. क्लोज दाबलं. मशीन सहाशे बासष्ट, रजिस्टर सहाशे बारा. फरक दिवसभर पन्नासच, ना एक कमी ना एक जास्त. सतरा-सी फॉर्मवर मशीनमधली मतं लिहायची होती. दुरुस्त माप लिहिलं: ६१२. मॅडम म्हणाल्या, मशीनमध्ये जे दिसतंय तेच लिहायचं असतं. मी म्हटलं, म्हणूनच तुम्ही चौथीपर्यंत शिकवता.

हे वाक्य जरा जास्त झालं. पण प्रशासनात कठोर व्हावं लागतं.

८ मे
साहित्य जमा केलं. काउंटरवरच्या माणसाने सीलं बघितली आणि पुढे ढकललं. एकही शेरा नाही. संकल्प पूर्ण. झोपतो.

४ जून, सकाळी ११.४०
पुण्यात मोजणी चालू. टीव्हीसमोर बसलो. निहारचा फोन. आवाज गंभीर. म्हणाला, सर, तुमचं केंद्र बाजूला ठेवलंय. पद्माला सांगितलं, बघ, आदर्श नमुना म्हणून बाजूला काढलं असणार. चिठ्ठ्या ताडून बघायला काही केंद्रं निवडतात. ती म्हणाली, चिठ्ठ्यांसाठी चिठ्ठ्या टाकून निवडतात, असं तुम्हीच चाँदभाईंना सांगितल्याचं मला सांगितलं होतं. फार लक्षात ठेवते.

सायंकाळी
निहारला पुन्हा फोन लावला. मशीनमध्ये सहाशे बासष्ट, माझ्या फॉर्मवर सहाशे बारा, आणि आत चाचणीची पन्नास मतं तशीच. असं मशीन मोजत नाहीत. जिंकणारा आणि हरणारा यांच्यातला फरक केंद्रातल्या मतांहून कमी असता, तर चिठ्ठ्या मोजल्या असत्या. फरक लाखात आहे. त्यामुळे ना मशीन मोजलं, ना पेटी उघडली. गाडी पुढं गेली.

याचा अर्थ निकालावर शून्य परिणाम. मी निहारला तेच म्हटलं. त्याने ठेवतो म्हणून फोन ठेवला. एक्केचाळीस मार्कांचा मुलगा, त्याला मुद्दा पोचला नसणार.

१९ जून
कारणे दाखवा नोटीस. शाळेच्या पत्त्यावर आली, म्हणजे स्टाफरूमने माझ्याआधी वाचली. गणिताच्या सरांची कंबर आज एकदम बरी होती.

सोबत सहकाऱ्यांचे जबाब. फरहत मॅडमनी लिहिलंय: मी क्लिअर असं विचारलं, सर एकदम क्लिअर म्हणाले. शब्दशः. पुढे: मी स्वतः बटण बघायला हवं होतं, ही माझीही चूक. कुणी सांगितलं होतं इतकं प्रामाणिक व्हायला? आता माझा जबाब त्यांच्या शेजारी ठेवून वाचणार.

पद्मा नोटीस वाचून म्हणाली, तुम्ही ड्यूटीचं सर्टिफिकेट दाखवून मत त्याच केंद्रावर दिलंत ना? म्हणजे या घरातलं फक्त माझं मोजलं.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

२४ जून
खुलासा लिहिला. नऊ पानं, स्क्रू गेजच्या आकृतीसह. प्रशिक्षणाचा दर्जा, पंख्याचा अभाव, बटणांची मांडणी. निहारला वाचायला पाठवला. त्याने एक ओळ पाठवली: सर, चूक झाली एवढंच लिहा, सोडून देतील.

उद्या दहावं पान जोडणार.

२ जुलै
उपमुख्याध्यापकाची मुलाखत झाली म्हणे. मला कळवायचं राहून गेलं असावं.

६ जुलै, दुपारी
चाँदभाईंचा फोन. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून उचलला.

म्हणाले, सर, केंद्रवार आकडे आलेत. समद्या गावांपुढं आकडे हायती, आमच्यापुढं कायच न्हाय. दोन्ही बाजूची माणसं इचारत्यात, तुमी मतदानाला गेलाच न्हाय व्हय? केळीची तोड थांबवून आमी उन्हात हुबं ऱ्हायलो. सहाशे बारा माणसं, सर.

मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे. त्यांनी विचारलं, म्हंजे काय?  स्क्रू गेज तोंडावर आला होता, तो गिळला.

मग म्हणाले, गावात बैठक बसलीय. कुणी म्हणतंय सायबानं घोळ घातला. मी त्यास्नी म्हणलं, न्हाय, सर लई शिकलेलं, त्यांनी मशीनवर शून्य दावलं तवाच मी सही केली. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मी फोन स्पीकरवर टाकलाय, सर, समदी हितंच हायती. तुमच्या तोंडानं एकदा सांगा. मशीनच बिघडली व्हती ना?

त्यांनी शून्य बघितलं नव्हतं. मी दाखवलंच नव्हतं. ते माझ्यासाठी गावासमोर खोटं बोलले होते, आणि मशीनवर शून्य कधी आलंच नव्हतं हे त्यांना माहीतही नव्हतं. मला लाज वाटली. एक वाक्य पुरे होतं, निहारने लिहून दिलेलंच.

मी म्हणालो, हो. मशीन.

पलीकडे एकदम गलका झाला. म्या म्हनलं नव्हतं का, मशीन फिरवत्यात, असं कुणीतरी दोनदा ओरडलं. कुठल्यातरी बाईचा आवाज आला, मग पुढल्या टायमाला कशाला जायाचं उन्हात? चाँदभाई म्हणाले, उपकार झालं, सर, आमाला वाटलं आमचंच काय चुकलं.