धारातीर्थी

धुळे, रविवार, संध्याकाळ

धारातीर्थी. हा एकच शब्द दुपारपासून डोक्यातून जात नाही.

काका कॅप्टन होते. एकाहत्तरची लढाई चालू असताना इकडच्याच छावणीत, जवानांना शिकवता शिकवता, काविळीने गेले. आज गावच्या नव्या कमानीवर पेंटरने त्यांच्या नावाखाली लिहिलं, ‘धारातीर्थी पडले’. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. कशाला खोटं बोलू?

काकूंना, म्हणजे आमच्या अक्कांना, मुद्दाम दाखवायला नेलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘पुसा ते.’’

सरपंच म्हणाले, ‘‘अक्का, त्यास्ना मानच वाढस ना.’’

‘‘त्या लढाईमा पडनात, मंग छावणीमा कोना उशाशी बशेल व्हतू मी?’’

धारातीर्थी. कोणी सांगायच्या आत पेंटर शिडी चढला.