पाच ते आठ मीटरची ओळ

डँडेनॉन्ग
रविवार, २० जुलै २०२५, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे

प्रिय वरुण,

आत्ता पाच मिनिटांपूर्वी मी वरच्या खिडकीतून मोजपट्टी खाली सोडून आमच्या छताच्या पन्हळीची उंची मोजत होतो. आई खाली टोक धरून उभी होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, अरे, पडदे लावायचेत की काय? पाच मीटर दहा सेंटीमीटर भरली. तुमचं घरही दुमजलीच, म्हणजे तू पन्हळीतला पाला काढताना साधारण एवढ्यावरून पडलास. मी तिथे वाकून किती वेळ खाली बघत होतो ते मात्र मोजलं नाही.

तू वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलमधून १ जुलैला मला मेसेज केलास: 'तुझ्या तक्त्यात काय आहे रे?' एकोणीस दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. मेसेज वाचल्याची खूण तुला दिसली असणार. मी रोज लिहायचो आणि पुसायचो. म्हणून आता कागदावर लिहितोय, तेही पेनने. नीरजा, तुझ्या नवऱ्याला हे तुला वाचून दाखवावं लागलं तर कृपा करून मध्ये काही गाळू नकोस.

वरुण, तुझं क्रेगीबर्नचं गॅरेज मला रोज आठवतं. रविवारी दुपारी तू गोष्ट सांगायचास आणि मी, रेनी, यतिन आपापलं पात्र घेऊन फासे टाकायचो. नीरजा चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, राक्षस मेला असेल तर कोणीतरी कपडे आत आणा. तुझ्या खेळाच्या पुस्तकातला नियम साधा होता. प्रत्येक पात्राला ठरावीक पॉइंट. तलवार लागली, कमी झाले. रात्रभर झोपलं, सकाळी सगळे परत. मला ते सहन व्हायचं नाही. भाल्याने पोट फाटलेला माणूस सकाळी उठून डोंगर चढतो? मोडलेलं हाड कुठे जातं? तू हसायचास. म्हणायचास, 'सलिल, तो आकडा म्हणजे रक्त नाही रे. हा माणूस अजून गोष्टीत आहे, एवढंच तो सांगतो.' मला ती पळवाट वाटायची.

म्हणून मी तक्ता केला. दोन पानं, चोवीस ओळी. कुठली जखम, किती दिवसांत भरते, काय कायमचं जातं. तू तो हातात घेऊन म्हणालास, 'बाप रे, एक काना-मात्रा चुकलेली नाही. साहेब नर्सिंगला आहेत, नियम मान्य!' आणि त्याचा फोटो काढून ठेवलास.

मग रेनीची चोरटी बाई, म्हणजे तिचं पात्र, घंटेच्या मनोऱ्यावरून पडली. तुझ्या पुस्तकाप्रमाणे चौदा पॉइंट गेले असते आणि ती उठली असती. मी तक्ता पुढे केला: 'पाच ते आठ मीटर: पाय जातात. परत येत नाहीत.' तासभर भांडलो. तू कंटाळून माझं ऐकलंस. रेनीसारख्या वसईच्या माणसांना आवाज चढवायला वेळ लागत नाही, पण त्या दिवशी ती हळू बोलली. 'तुला ड्रॅगन चालतो, सलिल. उडतो, आग ओकतो, बोलतो, सगळं चालतं. माझी बाई परत उभी राहिली तर तेवढं चालत नाही?' तिने फासे पिशवीत भरले आणि गेली. पुढच्या रविवारी यतिनला काम निघालं. जानेवारीत तू नोकरीसाठी वॉलॉंगॉंगला गेलास. खेळ तुझ्या जाण्यामुळे बंद पडला असं आपण सगळ्यांना सांगतो. तो माझ्यामुळे बंद पडला.

परवा शुक्रवारी नीरजाचा फोन आला. म्हणाली, 'डाव्या पायाच्या अंगठ्याला स्पर्श कळतोय. डॉक्टर म्हणतात, आताच काही सांगता येत नाही, पण पहिले महिने महत्त्वाचे, व्यायाम सोडू नका. आणि हा चार दिवस व्यायामाच्या खोलीत गेलेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. मला म्हणतो, डॉक्टरांना गोड बोलावंच लागतं, सलिलने पुस्तकं बघून लिहिलंय. असं काय लिहिलंयस तू?' माझं उत्तर आलं नाही, तेव्हा तू तक्त्याचा तो फोटो उघडला असणार. मी नीरजाला म्हणालो, शिफ्टला उशीर होतोय. त्या दिवशी मला शिफ्ट नव्हती.

वरुण, मी नर्सिंगला नाही. दुसऱ्या सेमिस्टरला शरीररचनेच्या पेपरात दोनदा नापास झालो आणि सोडलं. तक्ता केला तेव्हा सोडून सात महिने झाले होते. मी इथल्या बिस्किटांच्या कारखान्यात खोकी बंद करतो. 'उद्या वॉर्डमध्ये ड्युटी आहे' म्हणून लवकर निघायचो, तो कारखान्यात जायचो. मी नर्सिंगला आहे हे तुम्ही इतक्या सहज मान्य केलंत की मागे फिरायला जागा राहिली नाही. माझ्याकडे एकच जुनं पुस्तक होतं. त्यातून हात, बोटं, भाजणं, एवढं मिळालं. उंचावरून पडण्याचं प्रकरण मला समजलंच नाही. शब्द वाचता येत होते, अर्थ लागत नव्हता. पण ओळ रिकामी ठेवणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. म्हणून मी टेबलावरचा फासा घेतला आणि ठरवलं: एक ते तीन पडले तर पाय परत येतात, चार ते सहा पडले तर नाही.

तू ज्या ओळीवर विश्वास ठेवून भिंतीकडे तोंड केलं आहेस, ती अशी ठरली. तुझ्या पायांबद्दल मला काहीही माहीत नाही. डॉक्टर 'माहीत नाही' म्हणतात ते शिकून म्हणतात. मी न शिकता 'नाही' लिहिलं. तुला राग येऊ दे, मला शिव्या दे, रेनीलाही सांग. मी पुढच्या शनिवारी येतोय, तू भेटणार नसलास तर बाहेर बसेन. पण उद्या सोमवार आहे. पत्र पोचायच्या आधी नीरजाला या पानांचे फोटो पाठवतोय, म्हणजे ती तुला सकाळीच वाचून दाखवेल. नऊ वाजता ते व्यायामाच्या खोलीत न्यायला येतील तेव्हा जा. एवढ्यासाठीच हे लिहिलं.

तुझाच, ठेवशील तर,
सलिल

ता. क. तक्त्याचा खरा हिशेब:
एकूण ओळी: चोवीस.
पुस्तकातून घेतलेल्या: पाच.
फाशाने ठरवलेल्या: एकोणीस.
तुझी ओळ: फाशाने. चार पडले होते.